डिंक वाळेपर्यंत

"पुस्तकात चिकटलेलं नाही, तो नियम नाही," मी म्हणाले. हे वाक्य म्हणण्यासाठी मी चौदा वर्षं दात धरून बसले होते.

काउंटरपलीकडे आमचे जुने साहेब काठी टेकून उभे होते. लायसन्सच्या या ऑफिसात त्यांनी बारा वर्षं राज्य केलं, आणि ते वाक्यही त्यांचंच. वरून नियम बदलला की छापील चिठ्ठी येते. ती नियमांच्या जाड पुस्तकात जुन्या कलमावर डिंकाने चिकटवायची आणि बाजूला तारीख घालून सही करायची, हे माझं काम. कालच एक आली होती. सत्तरी उलटलेल्यांना आता सरकारी दवाखान्याचा दाखला नको, घरच्या डॉक्टरचा चालेल. तसा दाखला साहेबांच्या हातात होता आणि चिठ्ठी माझ्या कोपराखाली.

"अहो बाई, पेपरात आलंय की."

"पेपर वाचून आपण कधी कुणाला लायसन्स दिलंय का, साहेब?"

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"सरकारी दवाखान्यात तीन आठवड्यांनंतरची तारीख देतायत. माझं लायसन्स शुक्रवारी संपतंय. हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. दुसरं कोण आहे आम्हाला?"

"नियमाला बायको नसते, साहेब."

हेही त्यांचंच. माझ्या नवऱ्याला ऐकवलेलं.

नवरा बस चालवायचा. बसच्या दारात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि बस चालवणं सुटलं. मग नियम बदलला, बोटं नसली तरी चाचणी पास झालात तर चालवा. तो पहिल्याच फटक्यात पास झाला. साहेब म्हणाले, पुस्तकात नाही. नव्या नियमाचं राजपत्र त्यांच्या कपाटात पडलेलं होतं, पण उठून कोण बघतो! नवरा अकरा दिवस समोरच्या बाकावर येऊन बसला, तोवर त्याची बस दुसऱ्याला गेली. पुढे घरी खिडकीत बसून तो रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या चुका काढायचा. तीन वर्षांनी तेही थांबलं. मरेपर्यंत तो साहेबांना शिव्या घालत होता आणि मी री ओढत होते.

साहेबांनी कागद गोळा केले. वाद घातला नाही, याचाच मला राग आला. जाता जाता ते काउंटरवर वाकले.

"तुमचं बरोबर आहे, बाई. मी तेव्हा कपाट उघडायला हवं होतं." मग आवाज आणखी खाली आला. "ती चिठ्ठी मात्र आली होती. दुसऱ्या चिठ्ठीच्या पाठीला चिकटलेली. मी पाहिली नंतर. तुमच्या नावे मेमो काढायचा होता, पण तुमच्या घरी एक माणूस बिनकामाचा बसलाच होता."

ते काठी टेकत जिन्याकडे निघाले.

तेव्हा डिंकाच्या बाटलीचं झाकण लावायचं मी विसरले होते. बाटली ट्रेमध्ये कलंडली आणि दोन चिठ्ठ्या एक झाल्या. नवरा बाकावरून रोज विचारायचा, "आली का गं?" आणि मी मान हलवायचे. अकराव्या दिवशी ती सापडली. मी गुपचूप सोडवून चिकटवली, सही केली. ती आधीच आली होती हे त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

साहेब पहिली पायरी उतरले होते.

"साहेब!" माझा आवाज फाटला. "थांबा. चिकटवते मी."

मी बाटली उघडली. कोपराखालची चिठ्ठी घामाने दमट झाली होती. ती कलमावर नीट बसवली, तळव्याने दाबली, तारीख घातली, सही केली.

"बसा जरा. वाळायला पाच मिनिटं लागतात."

ते समोरच्या बाकावर बसले, भिंतीकडच्या टोकाला. नवराही तिथेच बसायचा.

मी बाटलीचं झाकण लावलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. पाचच मिनिटं लागली.