निळ्या ज्योतीवरचा फ्रिज

मित्रांनो, गावाबाहेर मोडीत निघालेल्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथल्या एका अर्धवट जळालेल्या कॅम्पर गाडीत, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, मी अजून माझ्या जागेवर उभा आहे. मी गॅसवर चालणारा फ्रिज. माझं दार आता लागत नाही आणि आतल्या कप्प्यात कुठल्याशा पाखराने गवत आणून ठेवलं आहे. तुम्ही जवळ आलाच आहात, तर थोडं ऐकून जा. जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा मला वाचा नव्हती.

तुम्हाला वाटेल, गॅसवर फ्रिज कसा चालेल? आग आणि गारवा एकत्र कसे? माझ्या पाठीमागे, गाडीच्या बाहेरून उघडणाऱ्या जाळीच्या आत, एक छोटीशी निळी ज्योत जळत असे. तिच्या उबेने माझ्या नळ्यांमधलं अमोनियाचं पाणी उकळे, वर चढे, आणि फिरता फिरता माझ्या पोटातली उष्णता उचलून बाहेर नेई. मोटर नाही, घरघर नाही. म्हणून तर जिथे विजेचा खांबसुद्धा नसतो अशा माळावर आणि तळ्याकाठी माझी किंमत होती.

मला गाडीत बसवलं त्याच वर्षी ती गाडी आर्व्हिड स्टेनेरुड आणि त्यांची बायको लॉरीन यांनी घेतली. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या त्या छोट्या गावात आर्व्हिड शाळेचा बँड शिकवत. मोठी झालेली माणसंसुद्धा त्यांना सर म्हणत, कारण त्यांच्यातल्या अनेकांना ट्रम्पेट कसा धरायचा ते सरांनीच शिकवलं होतं. लॉरीन टपाल कचेरीत होती. उन्हाळा लागला की दोघं गाडी काढत. माझ्यात मासे असत, लोणी असे, बटाट्याच्या लेफ्से पोळ्यांची चळत असे, आणि तळ्यावरच्या पोरांसाठी आइसफ्रूट.

सरांनी मला जितकं जपलं तितकं कोणी आपल्या फ्रिजला जपत नसेल. दर वसंतात ते जाळी उघडत. बर्नरवर पडलेला गंज झाडत. माझी धुराची चिमणी ते ट्रम्पेट साफ करायच्या ब्रशने घासत. गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते डोळे बारीक करून बघत. गाडी कुठेही उभी केली की आधी ती समतल करत. मी तिरका राहिलो तर माझ्या आतलं पाणी अडतं आणि नळी करपते, हे त्यांना माहीत होतं. सगळं झालं की ज्योत पेटवून ते कान जाळीशी नेत. स्वच्छ ज्योतीला एक बारीक, सरळ सूर असतो. तो लागला की मान हलवत आणि हात पुसत.

गावातही आणि तळ्यावरही शेजारी गाडी लावणारा डेलमार त्यांची थट्टा करी. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, ढोल वाजवणारा.

"सर, हा फ्रिज माझ्या आजेसासऱ्यांच्या वयाचा झाला. आता विजेवरचा घ्या."

"तुझा विजेवरचा घोरतो, डेलमार," सर म्हणत. "माझा गातो."

मित्रांनो, या एका वाक्यावर मी कित्येक उन्हाळे काढले.

पुढे सरांना कमी ऐकू येऊ लागलं. जाळीशी कान नेत, पण सूर त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. तरी ते मान हलवत. वासही कळेनासा झाला. मग एक दिवस लॉरीनला त्यांचं कानातलं यंत्र माझ्या लोण्याच्या कप्प्यात सापडलं. ती खूप हसली, तेही हसले. काही महिन्यांनी तिला माझ्यात त्यांचा एक बूट सापडला. त्या दिवशी ती हसली नाही. बूट पुसून तिने दाराशी ठेवला.

त्यांची मुलगी गेल शहरातून येई, तेव्हा गाडी विकून टाका म्हणून मागे लागे. लॉरीन तिला म्हणाली, "घरात तो हरवतो गं. आठवत नाही म्हणून कोपऱ्यात बसून राहतो. गाडीत तो अजून आर्व्हिड असतो. तेवढं तरी राहू दे मला."

त्यानंतर गेलने गाडी विकायचा विषय काढला नाही. 

दाराजवळ, जमिनीलगत एक पांढरी पेटी होती. गॅस गळला की ती ओरडायची. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून ती खाली. ती पेटी म्हातारी झाली होती आणि आपलं आयुष्य संपल्याचं सांगायला अधूनमधून टीट टीट करी. सरांना नीट ऐकू येत नसे, पण तो एक चिरका आवाज मात्र त्यांना टोचायचा. ते घाबरेघुबरे व्हायचे, कोणीतरी आत आलंय म्हणून गाडीभर शोधत फिरायचे. शेवटी लॉरीनने पेटीची तार काढून टाकली. नवी पेटी आणायचं तिच्या मनात होतं. पण मनातल्या अशा पुष्कळ गोष्टी त्या वर्षी मनातच राहिल्या.

वसंत आला आणि सर नेहमीसारखे ब्रश घेऊन माझ्या पाठीशी बसले. डेलमारने लॉरीनला बाजूला घेऊन सांगितलं की या खेपेला गॅसवाल्या मेकॅनिककडून तपासून घेऊ.

"आणि आर्व्हिडला काय सांगू?" लॉरीन म्हणाली. "तुझ्या हातातलं शेवटचं काम काढून घेतलं म्हणून?"

डेलमारने टोपी काढली, परत घातली, आणि विषय सोडला.

सरांनी पाना लावून गॅसच्या नळीचा पितळी नट सोडवला, बर्नर बाहेर काढला, घासला, फुंकला. हात अगदी पूर्वीसारखे चालत होते. मला बरं वाटलं. बर्नर जागेवर बसवून त्यांनी नट बोटांनी फिरवला. आता फक्त पान्याचा एक पीळ द्यायचा होता. तेवढ्यात लॉरीनने जेवायला हाक मारली. ते उठले. जेवून परत आले, खाली पडलेला पाना बघितला, तो कोणाचा हे त्यांना कळेना. त्यांनी तो उचलून खोक्यात ठेवला आणि जाळी लावून टाकली. साबणाचं पाणी वाटीत तसंच राहिलं.

मी पाठीने तो ढिला नट जाणत होतो. माझ्याकडे ओरडायला घसा नव्हता, थोपवायला हात नव्हता. मी फक्त गार राहू शकत होतो, आणि मी गार राहिलो. माझं काम चोख चाललं होतं, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

तळ्याकडे जाणारा रस्ता खडीचा. गाडी प्रत्येक खड्ड्यात उसळायची आणि नट थोडा थोडा सैल व्हायचा. तळ्यावर पोहोचून ज्योत पेटवली, तेव्हा जोडातून अगदी थोडा गॅस सुटत होता. बराचसा जाळीतून वाऱ्यावर जाई. काही मात्र माझ्या बाजूच्या फटीतून गाडीत शिरे. ती फट बुजवणारं भरण केव्हाच सुकून गळून पडलं होतं.

लॉरीनला वास आला. गॅसला मुद्दाम सडक्या अंड्यासारखा वास दिलेला असतो, माणसाने सावध व्हावं म्हणून. तिने नाक मुरडलं, माझं दार उघडलं, अंडी हुंगली आणि सगळीच्या सगळी नेऊन टाकून दिली. माझे कप्पे सोड्याने पुसले. मित्रांनो, ती मला पुसत होती आणि मी तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ होतो. संकट माझ्या पाठीशी होतं आणि ती माझ्या पोटात शोधत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या टेबलावर मासे साफ करत होती. सर आत पलंगावर आडवे झाले होते. वारा पडला होता. जाळीच्या आत गॅस साचला आणि माझ्याच ज्योतीने तो धरला. ज्या ज्योतीने मला जन्मभर जगवलं, तिच्याच तोंडून हे व्हावं. नटापाशी एक पिवळी जीभ उभी राहिली आणि मागची लाकडी भिंत चाटू लागली. छपरावरच्या झरोक्यातून धूर निघाला.

डेलमारने तो आधी पाहिला. "लॉरीन, सरांना बाहेर काढ," एवढंच तो म्हणाला आणि गाडीबाहेरच्या गॅसच्या टाकीची चावी बंद करायला धावला. लॉरीन आत आली. दाराशी टांगलेलं आग विझवायचं लाल नळकांडं तिने उचललं, दांडी दाबली. त्यातून नुसतं फुस्स झालं. त्याचा दाबाचा काटा कधीच तळाला गेला होता. कोणी पाहिलाच नव्हता.

ते टाकून ती पलंगाकडे गेली. सर उठून बसले होते, पण हलेनात. तिने हात धरला तर त्यांनी झिडकारला. त्यांच्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती.

"बाई, तुम्ही कोण? माझी बायको येईल एवढ्यात. मी इथेच थांबणार."

धूर खाली उतरत होता. ते अंगाने दणकट, ती काठीसारखी. ओढून नेणं तिला शक्य नव्हतं. मी दोघांच्या समोर उभा होतो, पाठ जळत होती, आणि माझ्याने काही, काही होत नव्हतं.

मग लॉरीनने त्यांचा हात सोडला. खोकला आवरला. कचेरीतल्या खिडकीमागून बोलावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "सर, पोरं बाहेर रांगेत उभी आहेत. तुमच्याशिवाय बँड सुरू होत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "आधी सांगायचं नाही का?" असं म्हणत ते उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तिच्या पुढे होऊन, ताठ मानेने, दारातून बाहेर पडले.

टाकी बंद झाल्यावर गॅसची जीभ विझली, पण भिंतीने पेट घेतला होता. डेलमारने आपल्या गाडीतलं नळकांडं आणून ती आग कशीबशी आटोक्यात आणली. गाडीचा मागचा भाग गेला. माणसं वाचली. सर मात्र तळ्याकाठी बराच वेळ रांगेतली पोरं शोधत फिरले, आणि लॉरीन त्यांच्या मागे मागे.

आगीचं कारण तपासायला आलेल्या माणसाने लॉरीनला पितळी नट दाखवला. कोणीतरी घट्ट करायचा विसरलं, असं तो म्हणाला. तिने मान हलवली. डेलमार तिथेच उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

शरद ऋतूत ती दोघं या आवारात आली, गाडीतली उरलीसुरली भांडी न्यायला. लॉरीन आत आवरत असताना सर फिरत फिरत माझ्या पाठीशी आले. जळकी जाळी बाजूला करून त्यांनी आत बघितलं. नळीच्या जोडावरून बोट फिरवलं. लॉरीन बाहेर येऊन त्यांच्यामागे उभी राहिली.

"हे ज्याने केलं, त्याला काम नीट शिकवलं नव्हतं कोणी," सर म्हणाले.

"शिकवलं होतं," लॉरीन म्हणाली. "चांगला होता तो. फार चांगला. थकला होता, आणि हे मला दिसत होतं."

"मग कोणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं होतं," सर म्हणाले.

 लॉरीनने त्यांच्या बोटांची काजळी आपल्या रुमालाने पुसली, एकेक बोट धरून. मग दोघं गेली. ती पुन्हा आली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुठे माझ्यासारखा जुना फ्रिज असेल, तर वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून त्याची पाठ उघडून बघा. ज्योत निळी आहे ना, जोडांना साबणाचे फुगे येत नाहीत ना, ते तपासा. ओरडणारी पेटी म्हातारी झाली तर तिची तार काढू नका, नवी आणा. लाल नळकांड्याचा काटा बघा. सडका वास आला तर अंडी शोधू नका. दार उघडून सगळे बाहेर पडा आणि बाहेरून टाकी बंद करा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस आयुष्यभराचं काम करायला बसलं, तर त्याच्या हातातून पाना हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा, आणि शेवटचा पीळ पडेपर्यंत उठू नका.