अध्यक्षांच्या टेबलावरची पाटी

"काका, ती पाटी उचला आणि आमची ठेवा."

मोठ्या देशाच्या अधिकाऱ्याने बोटानेच व्यासपीठ दाखवलं. सभेला पंधरा मिनिटं उरली होती. काका फडक्याने माइक पुसत होते, ते पुसतच राहिले.

एकोणतीस वर्षं काका या सभागृहात देशांच्या नावांच्या पाट्या मांडत होते. अठ्ठावीस देशांची ही संघटना. प्रत्येक जण आपखुशीने आलेला, आणि उद्या पटलं नाही तर जायलाही मोकळा. अशा घरात कायमचा कारभारी नेमला तर दुसऱ्या दिवशी निम्मे पाहुणे बिऱ्हाड हलवतील. म्हणून दर सहा महिन्यांनी अध्यक्षपद नावांच्या क्रमाने पुढच्या देशाकडे जायचं. आज पाळी होती सगळ्यांत चिमुकल्या देशाची. चार बेटं, नकाशात शोधायची तर चष्मा पुसून घ्यावा लागेल अशी. पण त्यांच्या मंत्र्यांचं विमान वाटेत अडकलं होतं आणि हजर होती ती एकटी कनिष्ठ अधिकारी, फायली छातीशी धरून उभी असलेली एक मुलगी. क्रमाने पुढची पाळी मोठ्या देशाची होती.

"जाऊ द्या काका," मुलगी हळूच म्हणाली. "माझं कोण ऐकणार इथे? आम्ही पुढच्या वेळी घेऊ."

"पुढची वेळ चौदा वर्षांनी येते, मॅडम."

तिने मान खाली घातली. "आमच्याकडे सगळे टीव्ही लावून बसलेत. माझी आईसुद्धा."

काकांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि सकाळीच बायकोने बजावलं होतं, आता कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नका. पण पाटी उचलायला त्यांचा हात काही पुढे होईना.

तेवढ्यात सरचिटणीस बाई आल्या. सगळं कार्यालय त्यांच्या हाताखाली चालायचं, पण या सभागृहात त्यांचं काम एकच, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं पार पाडणं.

"जरा व्यवहार बघा, बाई," अधिकारी म्हणाला. "यांचे मंत्रीच नाहीत."

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"पाळी बदलायची तर सगळ्यांचा ठराव लागतो, बाई. ठरावाला सभा लागते आणि सभा सुरू करायला अध्यक्ष लागतो. तो मान आज यांचा आहे. आधी यांना बसू द्या, मग उठवायचं का ते यांनाच विचारा."

"पण मंत्री कुठायत?" अधिकारी चिडला.

"पाटीवर मंत्र्यांचं नाव नाही, साहेब. देशाचं आहे."

सरचिटणीस बाईंनी हसू ओठांतच दाबलं. "नियम तर हाच आहे. सभा दहाला सुरू होईल."

"तुमचं नाव लक्षात ठेवीन मी," जाता जाता अधिकारी काकांना म्हणाला.

"ठेवा की. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं."

दहाच्या ठोक्याला मुलगी व्यासपीठावर चढली. सभागृह उठून उभं राहिलं. तीही उभीच राहिली. मोठी माणसं बसल्याशिवाय आपण कसं बसायचं, असं तिला घरून शिकवलेलं असणार. ती त्यांच्याकडे पाहत होती, ते तिच्याकडे. क्षण लांबत चालला.

दारापाशी उभे असलेले काका निघाले आणि सगळ्यांच्या देखत सावकाश व्यासपीठ चढले. त्यांनी खुर्ची मागे ओढली.

"बसा, अध्यक्ष महोदया," ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्ही बसल्याशिवाय इथे कुणालाच बसता येत नाही."

ती बसली. मग एकेक करत सगळे देश बसले. मोठा देशही बसला. काकांचा ऊर भरून आला. त्यांनी तिच्यासमोरची पाटी बोटभर सरळ केली, पायऱ्या उतरले आणि दारापाशी आपल्या जागेवर जाऊन ताठ उभे राहिले.