पंचफुलानं बांधलेली विहीर

१९५८च्या उन्हाळ्यात केळझरजवळच्या एका खेड्यात बौद्ध वस्तीनं स्वतःची विहीर खोदली. दीक्षा घेऊन दीड वर्ष झालं होतं. गावविहिरीपासून लांब उभं राहून कुणी पाणी वाढेल याची वाट बघायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. पाणी लागलं, आणि आतलं दगडी बांधकाम कवडू मिस्त्रीकडे आलं.

कवडूला दोन मुलं. ताराचंद मॅट्रिक होऊन वर्ध्याला कचेरीत लागला. त्याचं पोस्टकार्ड आलं की कवडू ते वस्तीभर फिरून लोकांकडून वाचून घ्यायचा. पंचफुला लहानपणापासून बापाच्या मागे चुना कालवत हिंडली. नवरा वारल्यावर माहेरी आली आणि पुन्हा घमेलं उचललं. कुठला दगड कुठं बसेल, हे ती बोटानं दाखवायची. कवडू तोच दगड उचलायचा, पण ‘बरोबर’ असं कधी म्हणाला नाही. त्या एका शब्दासाठी ती दहा वर्षं थांबली होती.

विहिरीत चौथा थर चढला तेव्हा तिला राहवलं नाही.

“बाबा, थर बाहेर येऊन राह्यला.”

कवडूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

“तू मले शिकवतं काय?” तो ओरडला, थापी टाकून वर चढला आणि घरी जाऊन बसला.

दोन दिवस काम बंद. पावसाळा तोंडावर. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला शेजारच्या सुलोचनाला घेऊन खाली उतरली. बापानं रचलेला थर तिनं काढला आणि नव्यानं बांधायला घेतला.

दुपारी कवडूला कुणीतरी सांगितलं. तो तणतणत आला, शिडीनं खाली उतरला. पंचफुला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कवडूनं दगडांवरून तळहात फिरवला, एकदा, मग परत. ओळंब्याची दोरी भिंतीलगत सोडली, डोळे बारीक केले.

“लागते का सरळ? मले दिसत नाई.”

“लागते, बाबा.”

 त्यानं घमेलं ओढलं आणि स्वतः चुना कालवायला बसला.

बारा दिवस ती बांधत राहिली, तो दगड देत राहिला. शेवटचा थर बसला तेव्हा तिनं विचारून टाकलं.

“बाबा, मी बरी बांधतो का नाई? एकदा तरी सांगा.”

कवडू घमेलं धुऊ लागला. “माह्या बापानं मले कधी म्हटलं नाई. म्हटलं का हात ढिला पडते, असं वाटे मले.”

“माहा नाई पडत.”

“चांगली बांधली,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “माह्यापेक्षा चांगली.”

तिचे डोळे वाहू लागले. “आणखी एकदा म्हणा.”

“आता किती वेळा म्हणू, पोरी!” म्हणत कवडू हसला, आणि पुन्हा म्हणाला.

दिवाळीनंतर ताराचंद त्याला डोळे दाखवायला वर्ध्याला नेणार होता. त्याआधीच सेलूचे एक शेतकरी, मधुकरराव, आपल्या विहिरीच्या बांधकामासाठी मिस्त्री शोधत दारात आले. कवडूनं त्यांना बाजेवर बसवलं आणि आत हाक मारली, “पंचफुला, बाहेर ये. हे तुह्याकडे आले.”