दोघींची सासू

"आई, तुम्ही खिडकीपाशी बसा," म्हणत सुमेधानं सासूला आपल्या शेजारी ओढलं. सफारीच्या बसमध्ये थोरली जाऊ इंदू मागच्या सीटवर एकटीच राहिली.

इंदूचा नुसता जळफळाट झाला. राळेगावजवळच्या त्या घरात बावीस वर्षं सासूचं दुखलंखुपलं पाहिलं ते तिनं; आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मानीबाई दोन महिने नागपूरला धाकट्या सुनेकडे काय राहिली, पार शहरवालीच होऊन गेली. पायात मऊ बूट, हातात झाकणाची स्टीलची बाटली! आणि हसणं तर विचारूच नका. सुमेधानं तोंड उघडायचा अवकाश, की ही हसलीच. गावच्या घरी ही बाई वर्षातून दोनदा हसायची, तेही शेजारणीचं दही बिघडलं तर.

इंदू तिला न्यायलाच आली होती. कापूस फुटला होता, सीतादही व्हायचं होतं. वेचणीच्या आधी शेतात कपाशीच्या पऱ्हाटीपुढे दहीभात ठेवून पूजा करायची, तो मान घरात मानीबाईचा. ती झाल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. "उद्या सकाळच्या यष्टीनं निघतो आम्ही," असं इंदूनं आल्या आल्या सांगितलं, तर सुमेधा म्हणाली, "ताई, जाण्याआधी आईंना वाघ दाखवू या ना. शहराच्या टोकाशीच तर आहे पार्क."

वाघ दाखवते म्हणे! तीन वर्षं त्यांच्या शिवारात वाघ फिरत होता. बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्लेला, बाजारभावाचं नाव काढायची सोय नाही, आणि त्यात वाघाच्या धाकानं मजूर बाया शेतात पाय टाकेनात. मग घरच्याच दोघी निघायच्या. इंदू वेचायची आणि मानीबाई शेताच्या धुऱ्यावर बसून दिवसभर जर्मनची थाळी बडवायची. सुमेधाला यातलं काय ठाऊक?

बस वळली आणि झुडपातून वाघ निघून थेट रस्त्यावर आला. लोकांनी मोबाइल काढले.

"हाऽड! हाऽड!" इंदू ताडकन उभी राहून टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात पुढून ठणठण आवाज सुरू झाला. मानीबाई स्टीलची बाटली खिडकीच्या जाळीवर बडवत होती.

"ओ काकू, बंद करा ते! बसा खाली!" गाईड ओरडला. सगळी बस हसली. सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंदूच्या मनात मात्र आनंद मावेना. घे म्हणावं! घाल तिला बूट, दे बाटली. बुढी शेवटी माझीच!

खाली उतरल्यावर त्याच तोऱ्यात तिनं सासूचा हात धरला. "चाला आई, उद्या निघू. सोमवारी सीतादही करून टाकू."

मानीबाईनं हात सोडवून घेतला.

"मी नाही येत वं इंदू."

"काहून?"

"भेव लागते मले तिथं. तीन वर्सं थाळी वाजवली, पन जीव मुठीत धरून बसत होती मी. तू वाकून वेचून राह्यली होती, तुले कसं सांगू? इथं वाघ आपला जाळीच्या आत राह्यते. यंदा सीतादही तूच कर."

ज्या मानाचा बावीस वर्षं मनातल्या मनात हेवा केला, तो असा रस्त्यात उभ्या उभ्या हातात पडला. इंदूला त्याचं काहीच वाटेना.

आई, भेव तर मलेबी लागते. मले कोन पुसते? अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. पण सुमेधा शेजारीच उभी होती. तिच्यादेखत हे कसं बोलणार? मेली असती तरी बोलली नसती.

"बरं," इंदू म्हणाली. "डोयात औषध टाकत जा येळेवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी यष्टीत तिनं सवयीनं खिडकीची जागा सोडून अलीकडे बसकण मारली आणि खिडकीपाशी पिशवी ठेवली. एक बाई गर्दीतून वाट काढत आली.

"कोनी येऊन राह्यलं का इथं?"

इंदूनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आत सरकली.

"नाही. बसा."