रस्ता मोकळा झालाच पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि सगळ्यात आधी तुमचा एक गैरसमज दूर करतो. मी बोलत नाही. बोलतो तो भिंतीवरचा स्पीकर. मी फक्त ऐकतो. ऐकायचे मी आणि मिरवायचे त्याने, अशी आमची वाटणी जन्मापासून ठरलेली आहे. माझ्या डोक्यावरच्या जाळीला लोक तोंड समजतात, पण तो माझा कान आहे. माझ्या मानेवर एक लहानसे बटण आहे. ते वर सरकवले की मी ऐकलेले सगळ्यांना ऐकू जाते. खाली सरकवले की ते माझ्याच पोटात राहते. माझे कान मात्र कोणत्याही बटणाने बंद होत नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटात केसासारखी बारीक तार जोडली. जोडताना तिने श्वास रोखून धरला होता. तार नीट बसली आणि तिने तो सोडला. जगात मी ऐकलेली पहिली गोष्ट तीच. मला डोळे नाहीत, त्यामुळे तेव्हापासून माणसे मी श्वासावरून, खोकल्यावरून आणि हातावरून ओळखतो.

एका बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाने मला विकत घेतले आणि वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आणून ठेवले. काय दिवस होते ते! खाली रस्त्यावर सकाळी शटर वर जायला लागली की खडखडाट एका टोकाला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायचा. वर सभागृहात मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा असत, निवृत्त होणाऱ्या पोस्टमनचा सत्कार असे. फोटो स्टुडिओवाले आजोबा कार्यक्रम संपला की मला मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवायचे. ''आवाज कसा खणखणीत आहे याचा!'' असे लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. आवाज त्यांचाच होता, हे माझ्या लक्षात येत नसे. लहान वयात स्तुती कुणाला नको असते?

पुढे हमरस्त्यापलीकडे मोठे मॉल झाले आणि गिऱ्हाइके तिकडे गेली. सकाळचा तो खडखडाट हळूहळू तुटक झाला. मध्येच एखाद्या दुकानापाशी आवाज यायचा नाही, आणि मग तो कधीच यायचा नाही. फोटो स्टुडिओ बंद झाला. सभागृहातले कार्यक्रम थांबले. मी कपाटात गेलो, जुने फलक आणि वाळलेल्या डिंकाच्या बाटल्यांच्या शेजारी. माझ्या पेटीत एका झुरळाने संसार थाटला. त्या वर्षांत खालून एकच आवाज रोज न चुकता यायचा, तो म्हणजे कानशीचा करकर आवाज. वाचनालयाच्या जिन्याखाली रस्त्याच्या कडेला किल्लीवाल्या मावशी बसायच्या. नवऱ्याच्या मागे त्यांनी त्याची कानस उचलली आणि त्याच जागेवर बसून किल्ल्या घासू लागल्या. त्या आवाजाची मला सोबत होती.

मग एक दिवस कपाट उघडले. बाजाराला पुन्हा उभे करण्यासाठी सभा घ्यायच्या ठरल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष होते कापडवाले काका. फलकावर 'बाजारपेठेचे पुनरुज्जीवन' असे छापले होते म्हणे. पहिल्याच सभेत काका ''पुनरु... पुनर्जी...'' करत अडखळले आणि शेवटी म्हणाले, ''हे बघा, बाजारात परत धुगधुगी आणायचीय, एवढंच!'' सगळे हसले. फुंकर मारून मला जागे करायची माणसांना भारी हौस! त्या दिवशी प्रत्येकाने आधी माझ्यावर फुंकर मारली, मग टिचकी मारली आणि मग भाषण केले. कुणी दिव्यांबद्दल बोलले, कुणी गटारांबद्दल. चपलांचे दुकानदार दर वेळी ''मी मूळ मुद्द्याला हात घालतो'' म्हणायचे, आणि ते जिथे हात घालायचे तिथे मुद्दा कधीच नसायचा. पण माणसे जमत होती, भांडत होती. मला बरे वाटले. कान किटले तरी मला बरे वाटले.

दुसऱ्या सभेला नकाशावाल्या मॅडम आल्या. रस्ता कसा दिसायला हवा, याचा आराखडा त्यांनी केला होता. लोक यायच्या आधी काका मला हातात धरून त्यांच्याशी बोलत उभे होते. बटण खाली होते.

''मॅडम, ते 'फुटपाथवरचे सगळे उठवायचे' असं म्हणू नका हं. लोक बिथरतात.''

''मग काय म्हणू?''

''रस्ता मोकळा करायचा म्हणा. मोकळ्याला कोण नको म्हणतं?''

मॅडमच्या हातातला नकाशा सळसळला. ''पण ह्या जिन्याखाली किल्लीवाल्या बसतात ना, त्यांना तरी कळायला हवं.''

''मावशी होय? त्या घरच्याच आहेत. त्यांना मी सांगतो की निवांत.''

मित्रांनो, काका वाईट नव्हते. स्वतःच्या दुकानातला चहा ते रोज मावशींना पाठवायचे. त्यांच्या मनात खरेच सांगायचे होते. पण अवघड गोष्ट उद्यावर ढकलणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. काकांचा तो निवांतपणा कधी आलाच नाही.

त्या दिवशी मावशी पहिल्यांदा जिना चढून वर आल्या. सुनेने त्यांचा हात धरला होता. सगळ्या बाजाराच्या कुलपांच्या किल्ल्या मावशींच्या हातून गेल्या होत्या, पण त्यांचे मत आजवर कुणी विचारले नव्हते. मॅडमनी विचारले, ''आपला रस्ता मोकळा व्हावा, असं कुणाकुणाला वाटतं?'' खुर्च्या सरकल्या, बांगड्या वाजल्या, बरेच हात वर गेले असावेत. आणि मग एका खरखरीत, घट्ट तळव्याने मला धरले. हा हात मी आधी कधी अनुभवला नव्हता.

''मला काही बोलता येत नाही,'' मावशी म्हणाल्या. ''पण माझ्या पुढ्यात सकाळपासून टेम्पो उभा असतो. गिऱ्हाइकाला मी दिसतच नाही. कितीदा सांगितलं, कुणी हलवत नाही. मी तर म्हणते, रस्ता मोकळा झालाच पाहिजे!''

टाळ्यांनी सभागृह दणाणले. चपलांच्या दुकानदारांनी हे भाषण फोनमध्ये टिपले. म्हणजे टिपायचा प्रयत्न केला. खिशातून फोन काढून तो चालू होईपर्यंत मावशींच्या बोलण्यातला टेम्पो पुढे निघून गेला होता. फोनमध्ये आले ते शेवटचे वाक्य.

टाळ्या वाजतच होत्या. मावशींच्या मनातला मोकळा रस्ता कोणता आणि काकांच्या मनातला कोणता, यातला फरक त्या सभागृहात फक्त माझ्याच लक्षात आला. मला ओरडून सांगायचे होते, मावशी, थांबा, शब्द एकच आहे पण अर्थ दोन आहेत. ते नाही तर निदान कुंईऽऽ करून किंचाळावे, म्हणजे सगळे दचकतील आणि कुणीतरी काही विचारील. पण किंचाळण्यासाठीसुद्धा मला कुणीतरी स्पीकरजवळ न्यावे लागते. आपल्या मनाने मला किंचाळताही येत नाही. मी त्यांच्या हातात मूग गिळून बसलो.

जागा सोडण्याची नोटीस आली ती थेट जिन्याखाली. तिसऱ्या सभेला मावशी वर आल्या तेव्हा त्यांना लागलेली धाप जिन्यामुळे नव्हती.

''काका, हे काय? मला उठवताय?''

''मावशी, अहो, भरसभेत तुम्हीच तर म्हणालात!''

''मी?''

काकांनी चपलांच्या दुकानदारांचा फोन घेतला आणि माझ्या जाळीला टेकवला. बटण वर होते. भिंतीवरच्या स्पीकरमधून मावशींचा आवाज आला, ''मी तर म्हणते, रस्ता मोकळा झालाच पाहिजे!'' आणि मागोमाग त्या दिवशीच्या टाळ्या. त्या टाळ्या ऐकून मागच्या रांगेतल्या काहींनी आत्ताही टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ खोटी भाषणे वाहून नेली आहेत. एका माणसाचा खरा आवाज त्याच्याच विरुद्ध मला त्या दिवशी वाहून न्यावा लागला. ते मला थांबवता आले नाही.

मावशी हळूच सुनेला म्हणाल्या, ''माझाच आवाज आहे ना गं हा?''

''हो आई. तुमचाच.''

''भाजीबाजाराच्या मागं जागा दिलीय की तुम्हाला,'' काका घाईघाईने म्हणाले. ''वर पत्रा आहे, ऊन लागायचं नाही. काही काळजी करू नका. चला, चहा घेऊ या सगळे.'' एवढे बोलून त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि नेहमीच्या सवयीने अंगठ्याने बटण खाली सरकवले.

खुर्च्या वाजल्या. कप वाजले. माणसे उठून बोलू लागली. त्या गलक्यात तो खरखरीत तळवा पुन्हा माझ्याभोवती आला. मावशींनी मला ओठांशी धरले. बटण असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते.

''ऐका जरा,'' त्या म्हणाल्या. ''मी टेम्पोचं बोलत होते. तुम्ही मोकळा म्हणालात, मला वाटलं गाड्या हलवणार. मला हलवा, असं मी कशाला सांगेन? किल्ली करणाऱ्यानं मागं बसून चालत नाही हो. ज्याची किल्ली हरवते ते माणूस दाराबाहेर अडकलेलं असतं, घाबरलेलं असतं. ते शोधत नाही बसत. समोर दिसेल त्याच्याकडं येतं. भाजीबाजाराच्या मागं मला कोण बघणार? जिन्याखाली नको तर जिन्याच्या कडेला द्या. वीतभर द्या. पण पुढ्यात द्या. दुसरं काही मागत नाही मी.''

इतके सरळ, इतके नीट भाषण त्या सभागृहात कुणी केले नव्हते. त्यातले एक अक्षरसुद्धा माझ्याबाहेर गेले नाही. पहिल्या रांगेत बिस्किटांचा पुडा फिरत होता. मावशींनी मला जपून टेबलावर ठेवले आणि दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे गेल्या.

''बोलले बाई सगळं. आता कसं मोकळं वाटतंय.''

सुनेने फक्त हलणारे ओठ पाहिले असणार. ''हो आई,'' ती म्हणाली, ''छान बोललात.''

मावशींना खाली बसवून ती पुन्हा वर आली. टेबलाशी उभ्या असलेल्या काकांना म्हणाली, ''काका, आईंचं म्हणणं ऐकून घेतलंत का?''

''ऐकलंय की, सूनबाई! त्यांचं रेकॉर्डिंगच आहे आपल्याकडं.''

ती निघून गेली. काय बोलणार बिचारी? सासू काय म्हणाली हे तिलाही माहीत नव्हते. माहीत होते ते मला, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर पडलो होतो.

त्यानंतर एका सकाळी कानशीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुदळी चालल्या, फरशा बसल्या. खोटे कशाला बोलू, रस्ता छान झाला म्हणतात. जिन्याखाली फुलझाडांच्या कुंड्या आहेत. काही बंद शटरही पुन्हा वर गेली, त्यांचा खडखडाट ऐकून मलाही आनंद झाला. रस्त्याच्या उद्घाटन समारंभाला बिनतारी नवा माइक आला आणि मी कपाटात परतलो. कधीतरी खालून कुणाचा तरी धापा टाकत आलेला आवाज ऐकू येतो. ''इथं किल्लीवाल्या बसायच्या ना?'' ''उठल्या त्या.'' ''आता कुठं असतात?'' ''असतील मागं कुठंतरी.''

टेम्पो अजून तिथेच उभा राहतो. त्याचे इंजिन मी ओळखतो.

मध्यंतरी मावशींची सून मुलासाठी पुस्तक घ्यायला वाचनालयात आली होती. ग्रंथपाल बाई तिच्याशी बोलत बोलत जुने अंक काढायला वर आल्या आणि दोघी कपाटापाशीच उभ्या राहिल्या.

''मावशी कशा आहेत गं?''

''बसून असतात. कुणी येत नाही तिकडं. तरी रोज जातात. परवा जेवता जेवता म्हणाल्या, त्या दिवशी मी एवढं सगळं सांगितलं, एकालासुद्धा पटलं नाही. मी नीट बोलले नसेन का गं?''

मित्रांनो, माझी वाचा या गोष्टीपुरती आहे. गोष्ट संपली की ती जाईल. मला पुसा, माझी तार बदला, असे मी मागत नाही. जुना माइक अडगळीत गेला म्हणून जगाचे फारसे अडत नाही. तुमच्यासमोर कुणी पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, तर उठून आधी त्याचे बटण वर आहे का ते बघा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत चहा बाजूला ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाचे घर त्या बाजूला असेल, तर एकदा भाजीबाजाराच्या मागे जा. पत्र्याखाली मावशी असतील. त्यांना म्हणावे, मावशी, तुम्ही फार नीट बोललात. बटण बंद होते. मला जाऊन सांगता येत नाही, तुम्ही तरी सांगा.