घंटावाल्याची हजेरी

ख्रिस्ती हायस्कुलाचा नियम साधा होता: पालक वर्षातले चाळीस रविवार चर्चच्या बाकावर दिसला, तरच मुलीला नववीत प्रवेश. चर्चच्या हजेरीवहीत घंटावाल्याच्या नावापुढे शून्य होतं.

"सर, बावीस वर्षं मनोऱ्यावर चढून घंटा मीच वाजवतोय. ती ऐकूनच घरातून निघता ना तुम्ही?"

"निघतो की! अगदी वेळेवर वाजवता," मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले. "पण बाकावर दिसत नाही तुम्ही. नियमात बाक आहे, मनोरा नाही."

"म्हणजे चर्चच्या डोक्यावर बसलेला माणूस चर्चमध्ये नाही?"

"नियम मी नाही हो केला, समितीने केला."

"समितीत कोण असतं?"

"मी अध्यक्ष आहे."

घंटावाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बायको म्हणाली, "भांडताय कशाला? बसा म्हणतात ना, मग बसा!"

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला. घंटा अर्थातच वाजली नाही. मुख्याध्यापक अर्ध्या तासाने धापा टाकत आले, तोवर हजेरीवही मिटली होती.

"अहो, घंटा?" ते कुजबुजले.

घंटावाल्याने सरकून त्यांना जागा दिली. "आधी पोरीच्या अर्जावर सही करा, सर. मनोऱ्याचं मग बघू."