तळघरातला पेशंट

अमडापूरची सारिका घरी बसून गेम तपासायची. बाजारात येण्याआधी एक कंपनी तिला भीतीचे, कोड्यांचे गेम पाठवायची. ते शेवटपर्यंत खेळायचे आणि किती तास लागले, कुठे अडकायला झालं, ते कळवायचं.

या वेळचा गेम ओसाड दवाखान्यातला होता. सहा तास बरे गेले. मग तळघरात खाटेला बांधलेला एक म्हातारा दिसला. पाय सडलेला, जखमेत अळ्या वळवळत होत्या. त्या काढल्याशिवाय पुढचं दार उघडत नव्हतं. चिमट्याने एक ओढली की चार आत शिरायच्या, आणि म्हातारा ओकायचा. ते हिरवट ओकणं स्क्रीनभर ओघळायचं. सारिकाने समोरचं ताट सरकवलं. वरणातला भातही तिला हलल्यासारखा वाटत होता. दोन तास ती तिथेच अडकली.

तिची आई बेबीताई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. ताट उचलायला आली आणि पाहत उभी राहिली.

“आधीच चिमटा काऊन घालून राह्यली? टर्पेंटाइन नाई का तिथं? थेंब टाक अन् थांब. आपोआप वर येतेत.”

तळघरातल्या फळीवर बाटली होती. सारिकाने थेंब टाकले आणि हात आवरून बसली. थोड्या वेळाने अळ्या वर आल्या. आईने सांगितलं तशी तिने जखम धुतली, पट्टी बांधली. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि “पोरी” म्हणाला.

पण दार उघडलं नाही, त्यावर अक्षरं उमटली : कोपऱ्यातल्या भट्टीत एक जिवंत माणूस टाका.

“याले टाकायचं?” बेबीताईने विचारलं.

“दुसरं कोणीच नाई इथं.”

“अळ्यांची मले कधी किळस नाई आली. याची येते,” म्हणत बेबीताई ताट घेऊन निघून गेली.

सारिकाने तासभर दुसरा रस्ता शोधला. नव्हताच. शेवटी काम म्हणून तिने खाट भट्टीत ढकलली. तो तिच्याकडेच पाहत होता. ती मोरीत जाऊन ओकली, आणि मग उरलेला तासाभराचा गेम संपवला.

“दहा तास. त्यातला एक दुसरा रस्ता शोधण्यात गेला,” तिने कळवलं.

कंपनीच्या योगिनीचा फोन आला. “बाकीच्यांना आठ-नऊच लागले. तुमचा तो रस्ता शोधण्याचा तास वजा करू का?”

“नका करू. आणि हा गेम बनवणाऱ्यांचा कुठलाच गेम मला परत पाठवू नका,” सारिका म्हणाली.